पायथनने बिऱ्हाड हलवलं तेव्हा

२०१५ साली पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एखादी बारीकशी दुरुस्ती करायची तर किती उपद्व्याप करावा लागायचा, ते आधी सांगतो. समजा, एका फंक्शनच्या माहितीतलं एक वाक्य चुकलेलं आहे. ज्याच्या ते लक्षात आलं त्याने मर्क्युरियलमधून (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या अवजारातून) पायथनचा सगळा कोड उतरवून घ्यायचा, वाक्य सुधारायचं, फरकाची पॅच फाइल काढायची, पायथनच्या बगट्रॅकरवर, म्हणजे चुकांच्या नोंदवहीवर, खातं उघडायचं आणि तिथे ती फाइल चढवायची. मग वाट पाहत बसायचं. कधी आठवडा, कधी वर्ष.

पुढचं काम कोअर डेव्हलपरचं, म्हणजे ज्यांना मूळ कोडमध्ये बदल टाकायची मुभा आहे त्या मोजक्या माणसांचं. त्यांनी पॅच उतरवून आपल्या मशिनवर लावून पाहायची. पॅच जुनी असली की ती लागतच नाही, मग हाताने जुळवायची. टेस्ट चालवायच्या. न्यूज नावाच्या फाइलीत बदलाची नोंद करायची. पॅच पाठवणारा नवा असेल तर आभाराच्या यादीत त्याचं नाव घालायचं. मग ३.५ च्या ब्रँचवर (त्या आवृत्तीच्या शाखेवर) कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, तिथून पुढच्या ब्रँचमध्ये मर्ज, म्हणजे तो बदल मिसळणं, आणि २.७ साठी पुन्हा वेगळं सगळं. शेवटी पुश करायला, म्हणजे मुख्य सर्व्हरवर चढवायला जावं, तर तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी आपलं काम पुश केलेलं असायचं. की पुन्हा ओढा, पुन्हा मर्ज करा, पुन्हा पुश करा. एका वाक्यापायी संध्याकाळ जायची, आणि यातली बहुतेक माणसं हे सगळं नोकरी सांभाळून, विनामोबदला करत होती.

एक गोष्ट मला यात सगळ्यात जास्त खुपते. एवढं झाल्यावर कमिटवर लेखक म्हणून नाव लागायचं ते कोअर डेव्हलपरचं. ज्याने चूक शोधली, वाक्य सुधारलं, त्याचं नाव संदेशात ‘अमक्याची पॅच’ एवढंच. यात कुणाची लबाडी नव्हती, पद्धतच तशी होती. पण पहिल्यांदा हातभार लावणाऱ्याला आपलं नाव इतिहासात दिसणं किती मोलाचं असतं, हे ज्याने ते अनुभवलंय त्यालाच कळतं.

पायथनचा कोड कुठे ठेवायचा हा वाद इथून सुरू झाला. तो बहुतेकदा ‘गिटहब की गिटलॅब’ असा सांगितला जातो. (मर्क्युरियलसारखंच गिट हे अवजार. त्यातला कोड ऑनलाइन ठेवायच्या या दोन जागा.) मला तो तसा वाटत नाही. खरा प्रश्न होता: घर सांभाळणार कोण?

त्याआधीची बिऱ्हाडं

पायथनने घर बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. २००० मध्ये कोड सोर्सफोर्ज या साइटवर गेला, तिथे तो सीव्हीएस या त्या काळच्या अवजारात होता. २००५ मध्ये सबव्हर्जन हे त्याच कामाचं नवं अवजार घेतलं आणि सर्व्हर स्वतःचा केला. बगट्रॅकर मात्र अजून सोर्सफोर्जवरच होता आणि त्याला सगळे कंटाळले होते.

२००६ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या (भाषेमागच्या संस्थेच्या) समितीने नव्या ट्रॅकरसाठी पर्याय तपासले. शेवटी दोन उरले: जिरा आणि राउंडअप. जिरा एका कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर, पण चालवून देणारी कंपनी मागे उभी. राउंडअप मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पायथनमध्येच लिहिलेलं, पण चालवायचं आपण. समितीने जे सांगितलं ते मला आजही फार प्रामाणिक वाटतं. आमची शिफारस जिराची आहे. पण राउंडअप सांभाळायला पुरेसे स्वयंसेवक पुढे आले, तर राउंडअप घेऊ. माणसं पुढे आली. २००७ पासून राउंडअप सुरू झालं आणि पुढे जवळजवळ १५ वर्षं चाललं.

या निवडीत पुढाकार होता कोअर डेव्हलपर ब्रेट कॅनन यांचा. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढेही येणार आहे.

कोडची पाळी २००८ च्या अखेरीस आली. एका मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून न राहणारी पद्धत हवी होती. बाझार, मर्क्युरियल आणि गिट या तिघांची तुलना करणारा प्रस्ताव तयार झाला, क्रमांक ३७४. (पायथनमधले मोठे बदल अशा क्रमांकाच्या लेखी प्रस्तावांतूनच ठरतात. त्यांना पेप म्हणतात.) त्याच्या लेखकांतही कॅनन होते. गिट सगळ्यात आधी बाद झालं. तेव्हा विंडोजवर ते तिघांत सगळ्यात लंगडं होतं, आणि कोअर डेव्हलपरांचा ओढाही त्याच्याकडे नव्हता. मार्च २००९ मध्ये शिकागोच्या पायकॉनच्या (पायथनच्या परिषदेच्या) वेळी पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी मर्क्युरियल जाहीर केलं. तेही पायथनमध्ये लिहिलेलं, म्हणजे घरचंच. प्रत्यक्ष बदल व्हायला मात्र ५ मार्च २०११ उजाडलं. दोन वर्षं गेली, आणि तोवर बाहेरचं जग गिटकडे वळलेलं होतं.

निवड चुकली होती का? माझ्या मते नाही. २००९ मध्ये समोर जे होतं त्यातलं चांगलं त्यांनी घेतलं. पण अवजार आपल्या जागी चांगलं असतानाही आजूबाजूची वस्ती दुसरीकडे निघून जाते. मर्क्युरियलच्या बाबतीत तेच झालं.

तीन प्रस्ताव

कामाची पद्धत सुधारायची खटपट आधी कोअर डेव्हलपर निक कॉगलन यांनी सुरू केली. पेप ४६२ मध्ये त्यांनी मर्जचं काम आपोआप व्हावं असं मांडलं. पेप ४७४ मध्ये पायथनच्या स्वतःच्या सर्व्हरवर कॅलिथिया हे कोड ठेवायचं सॉफ्टवेअर बसवायचं सुचवलं. कॅलिथिया मुक्त होतं, पायथनमध्ये होतं आणि मर्क्युरियल जाणत होतं. मनाने विचार केला तर हाच प्रस्ताव आवडावा असा: मुक्त सॉफ्टवेअरचा समाज, मुक्त अवजारं, स्वतःचं घर.

नोव्हेंबर २०१४ मध्ये डोनाल्ड स्टफ्ट यांनी पेप ४८१ मांडला. गिट घ्या, कोड गिटहबवर ठेवा आणि परीक्षणासाठी फॅब्रिकेटर वापरा. त्यांचा मुख्य मुद्दा माणसांचा होता. नवा हातभार लावणारा गिटहब आधीच वापरतो. त्याला इथे येण्यासाठी वेगळं काही शिकावं लागू नये.

सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस बॅरी वॉर्सॉ यांनी तिसरा रस्ता पेप ५०७ म्हणून मांडला: गिट आणि गिटलॅब. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती मुक्त परवान्याची, आणि सोयी गिटहबच्या तोडीच्या. ते पाहून कॉगलन यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला आणि गिटलॅबला पाठिंबा दिला. स्वतः कष्टाने लिहिलेलं मागे घ्यायला मन मोठं लागतं. आता लढत दोघांतच उरली.

गिटहबवरचा आक्षेप साधा होता आणि वजनदारही. गिटहबचा स्वतःचा कोड बंद आहे. आज फुकट देणारा उद्या अटी बदलेल, तेव्हा काय करायचं? ही भीती काल्पनिक नव्हती. लिनक्स कर्नलचं (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) काम बिटकीपर नावाच्या, एका कंपनीच्या मालकीच्या अवजारावर चालायचं, तेही फुकट मिळालेलं. २००५ च्या एप्रिलमध्ये ती फुकट सोय बंद झाली, आणि त्याच महिन्यात गिट आणि मर्क्युरियल दोन्ही जन्माला आले. म्हणजे पायथन ज्यातून निघालं आणि ज्यात शिरणार होतं, ती दोन्ही अवजारं याच धड्यातून आलेली. शिवाय २०१५ हे वर्षच असं होतं की बंद पडण्याच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. मार्चमध्ये गुगल कोड ही कोड ठेवायची साइट बंद होणार असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी गिटोरियस ही तशीच साइट गिटलॅबने घेतली आणि बंद केली.

हा आक्षेप मला आजही खरा वाटतो. पण त्याचं उत्तर कागदावर देता येत नव्हतं. गिटलॅब किंवा कॅलिथिया आपल्या सर्व्हरवर चालवायचं, तर रात्री दोनला डिस्क भरली की उठणारा माणूस हवा. आवृत्त्या चढवणारा, स्पॅम खाती काढणारा, बॅकअप खरंच परत वाचता येतो का ते तपासणारा माणूस हवा. २००६ मध्ये ती माणसं मिळाली होती. २०१५ मध्ये सगळ्यांना आदर्श मान्य होता, पण रोजच्या देखभालीला खांदा देणारे मिळत नव्हते.

निर्णय

निर्णय द्यायचं काम कॅनन यांनी अंगावर घेतलं. इथे त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला या सगळ्या प्रकरणातल्या सर्वात महत्त्वाच्या वाटतात. पहिली, निर्णय एकाने द्यायचा हे सुरुवातीलाच ठरलं. मतदान नाही, की अनंतकाळ चालणारी चर्चा नाही. दुसरी, तारीख ठरली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तर देईन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. स्वयंसेवकांच्या गटात वाद मरत नाही, तो दमतो, आणि दमलेला वाद काहीच न बदलण्याच्या बाजूने संपतो. तारखेने ते टाळलं.

१ जानेवारी २०१६ ला त्यांनी गिटहब जाहीर केलं. कारणं तीन, आणि कुठलंही नटवून मांडलेलं नाही. गिटहब आणि गिटलॅबमध्ये निर्णय फिरेल एवढा फरक सोयींमध्ये सापडला नाही. गिटहब कोअर डेव्हलपरांच्या आणि बाहेरच्या लोकांच्या जास्त ओळखीचं आहे. आणि गिडो यांचीही पसंती गिटहबला आहे.

काहींना शेवटचं कारण रुचलं नाही, आणि ते मी समजू शकतो. मला मात्र ते उघडपणे लिहिलं गेलं याचं मोल वाटतं. असे निर्णय पुष्कळदा एखाद्या वडीलधाऱ्याच्या कलाने होतात आणि मागून त्यांच्यावर तांत्रिक कारणांची झूल चढवली जाते. इथे तसं झालं नाही.

दुसरं कारण खरं निर्णायक. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा विचार करा. गिटहबवर तिचं खातं आहे, कॉलेजचा प्रोजेक्ट तिने तिथेच ठेवलाय, पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या, अशी विनंती) म्हणजे काय ते तिला माहीत आहे. पायथनच्या माहितीत तिला चूक दिसली, तर तिच्या आणि त्या दुरुस्तीच्या मध्ये आता फक्त दहा मिनिटं आहेत. मर्क्युरियलच्या काळात त्याच मुलीने बहुधा खिडकी बंद केली असती.

हलवाहलव

जाहीर करणं सोपं होतं. हलवायला आणखी १३ महिने लागले.

जानेवारी २०१६ मध्येच कॅनन यांनी पेप ५१२ लिहायला घेतला. काय काय झाल्याशिवाय हलायचं नाही आणि काय नंतर केलं तरी चालेल, याची ती विभागणी होती. आधी लहान रेपो (कोडचे साठे) नेले: डेव्हलपरांची मार्गदर्शिका, पेप प्रस्ताव. तिथे काही बिघडलं तरी भाषेला धक्का लागणार नव्हता. मुख्य कोड शेवटी, १० फेब्रुवारी २०१७ ला हलला. मर्क्युरियलमधला सगळा इतिहास गिटमध्ये उतरवण्याचं काम सेंथिल कुमारन यांनी केलं. त्याच्या दहाच दिवस आधी, ३१ जानेवारीला, गिटलॅबच्या स्वतःच्या साइटवर एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला होता आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली होती. त्यावरून कुणी गिटलॅबला नावं ठेवू नयेत. त्यांनी सगळं उघड सांगितलं आणि दुरुस्ती जगासमोर केली. पण सर्व्हर सांभाळणं हे पूर्णवेळ पगारी माणसांनाही किती जड जातं, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

हलल्यावर अडचणी मात्र आल्याच. सगळ्यात मजेची आणि सगळ्यात त्रासाची होती न्यूज फाइल. प्रत्येक बदलाची नोंद एकाच फाइलीत, विभागाच्या सुरुवातीला. जुन्या पद्धतीत कोअर डेव्हलपर एकेक करून कमिट करायचे, त्यामुळे निभावून जायचं. आता शंभर पुल रिक्वेस्ट एकाच वेळी उघड्या, आणि प्रत्येकीने त्याच फाइलीच्या त्याच ओळींच्या आसपास काहीतरी लिहिलेलं. एक मर्ज झाली की बाकीच्या त्याच ओळींवर अडायच्या, त्या हाताने जुळवाव्या लागायच्या. कोड निर्दोष, टेस्ट पास, आणि काम अडलंय ते नोंदवहीपाशी. उपाय लॅरी हेस्टिंग्ज यांनी लिहिलेल्या ब्लर्ब या छोट्या अवजारातून निघाला. प्रत्येक नोंदीची आता वेगळी फाइल, आणि आवृत्ती काढायच्या वेळी सगळ्या गोळा करून एक यादी. एकाच वहीत सगळ्यांनी लिहिण्याऐवजी प्रत्येकाने आपली चिठ्ठी टाकायची, एवढीच कल्पना. ज्याला कुणाला मोठ्या गटाचा कोड सांभाळायचाय, त्याने ही उचलावी.

दुसरा मोठा बदल दिशेचा. मर्क्युरियलमध्ये दुरुस्ती जुन्या ब्रँचवर करून नव्याकडे मर्ज करत जायचं. गिटहबवर उलटं झालं: आधी मास्टर या मुख्य ब्रँचवर, मग तिथून निवडून ३.६, ३.५, २.७ मध्ये उतरवायचं. हे काम हाताने करणं कंटाळवाणं. कोअर डेव्हलपर मारियाटा विजाया यांनी त्यासाठी मिस इस्लिंग्टन हा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, केला. पुल रिक्वेस्टवर ‘३.६ मध्ये हवं’ असं लेबल लावलं की मर्ज झाल्यावर बॉट स्वतःच जुन्या ब्रँचसाठी नवी पुल रिक्वेस्ट उघडतो. आणखी एक बॉट पाठवणाऱ्याने आपला कोड वापरू देण्याच्या करारावर सही केली आहे का ते पाहायचा, तिसरा परीक्षणाची पायरी कुठवर आली ते दाखवायचा. भाषेला ज्या विनोदी मंडळींवरून नाव मिळालं, त्या मॉन्टी पायथनच्याच पात्रांची नावं या सगळ्यांना दिली.

सुरुवातीला वर्णन केलेली कोअर डेव्हलपरची संध्याकाळ आठवा. पॅच उतरवणं, लावून पाहणं, मागच्या ब्रँचमध्ये नेणं, पुशची शर्यत यातलं जवळजवळ सगळं आता माणसाच्या हातून सुटलं. आणि कमिटवर लेखक म्हणून नाव लागू लागलं ते ज्याने बदल केला त्याचं.

एक गोष्ट त्यांनी हलवली नाही, आणि ती मुद्दाम सांगतो. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांवर पायथन बांधून तपासणाऱ्या बिल्डबॉट मशिन स्वयंसेवकांच्याच राहिल्या. गिटहबला जोडलेल्या तपासण्या त्यांच्या जोडीला आल्या. तपासणीची एक चावी घरातच ठेवली, हे शहाणपणाचं झालं.

ट्रॅकर मागे राहिला, मग तोही निघाला

२०१७ मध्ये कोड गेला, पण बगट्रॅकर राउंडअपवरच राहिला. ही अर्धवट अवस्था नव्हती, तो विचार होता. कोडची प्रत प्रत्येकाच्या मशिनवर असते. गिटहब उद्या बंद पडलं तरी इतिहास जात नाही. बगांवरच्या चर्चेचं तसं नाही, ती जिथे आहे तिथेच असते. त्यामुळे बंद कोडच्या घरात चर्चा नेणं हा कोड नेण्यापेक्षा मोठा निर्णय, आणि तो त्यांनी वेगळा ठेवला.

तोवर जग पुढे गेलं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या प्रकल्पाने आपला कोड स्वतः चालवलेल्या गिटलॅबवर नेला, डेबियन या लिनक्स-आवृत्तीच्या गटानेही तसंच केलं. त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळायची परंपरा आणि माणसं होती, म्हणून त्यांच्यासाठी ते उत्तर बरोबर ठरलं. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खासगी रेपोंवर बंधनं घातली. सार्वजनिक रेपो उघडे राहिले, आणि इराणसाठी जानेवारी २०२१ मध्ये परवाना मिळवून ती बंधनं उठली. पण दीड वर्ष एका देशातल्या प्रोग्रामरना हे सोसावं लागलं. २०१५ चा तो आक्षेप कुणाच्या दारात जाऊन उभा राहील, हे तेव्हा दिसलं. दुसऱ्या बाजूला बिटबकेट या कोड ठेवायच्या साइटने २०२० मध्ये मर्क्युरियल बंद केलं आणि फॅब्रिकेटरचा विकास २०२१ मध्ये थांबला. म्हणजे २०१५ च्या टेबलावरचे दुसरे तुकडेही अमरत्वाचा पट्टा घेऊन आलेले नव्हते.

ट्रॅकर हलवायचा प्रस्ताव, पेप ५८१, मारियाटा विजाया यांचा. मे २०१९ मध्ये तो मान्य झाला. मान्य केला बॅरी वॉर्सॉ यांनी, म्हणजे ज्यांनी चार वर्षांपूर्वी गिटलॅबची बाजू लिहिली होती त्यांनीच. विरोधही झाला. एझिओ मेलोटी यांनी एका सहकाऱ्यासोबत पेप ५९५ लिहून, राउंडअप टाकून देण्याऐवजी सुधारता कसा येईल ते तपशीलवार मांडलं होतं. राउंडअप वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांत ते होते. प्रत्येक खाचखळगा त्यांना पाठ.

पुढे फाउंडेशनने स्थलांतराचं काम सोपवायला माणूस शोधला, तो एझिओ मेलोटीच. ज्या घराची बाजू लढवली तेच रिकामं करायचं काम. एप्रिल २०२२ मध्ये ५० हजारांहून जास्त नोंदी गिटहबवर गेल्या. त्यातली एखादी जुनी नोंद आज उघडली, की वर एक लहानसा तक्ता दिसतो. त्यात राउंडअपमधला तिचा जुना क्रमांक आहे, तिच्यावर लक्ष ठेवून असलेल्यांची नावं आहेत, आणि जुन्या पानाचा दुवा आहे. जुना ट्रॅकरही बंद केलेला नाही. तिथे लिहिता येत नाही, वाचता येतं, आणि प्रत्येक पानावरून नव्या नोंदीकडे जाता येतं. २००८ मध्ये कुणी केलेल्या कमिटच्या संदेशात फक्त बगचा क्रमांक असला, तरी त्याचा माग आजही लागतो.